ऋणात राहण्याची सोपी रीत

कृतज्ञ व्हायचं ठरवलंत, फार छान केलंत. पण घाई करू नका. या क्षेत्रात नवशिके दोन-तीन ठिकाणी हमखास घसरतात.

पहिली घसरण वहीची. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. आठवड्यातल्या कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ही मंडळी जास्त समाधानी निघाली. तेव्हापासून ‘कृतज्ञता डायरी’चं पीक जोरात आहे. अभ्यासाबद्दल तक्रार नाही, पण वहीत लिहिलेले आभार दिसतात कुणाला? ना माईक, ना नारळ, ना फोटो. सिन्नर तालुक्यात असल्या चोरट्या कृतज्ञतेला कुणी विचारत नाही. तेव्हा वही बाजूला ठेवा आणि पुढे दिल्याप्रमाणे वागा.

१. सुरुवात घरापासून करू नका. घर धोक्याचं आहे. बायकोने डबा हातात दिला आणि तुम्ही ‘थँक्यू’ म्हणालात, तर ती आधी तुमच्या कपाळाला हात लावून बघेल आणि मग विचारेल, “किती पैसे घालवून आलात?” आईला ‘धन्यवाद’ म्हणाल तर ती दोन दिवस बोलणार नाही. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईचे आभार मानायची आपल्याकडे एकच मान्य रीत आहे: अजून अर्धी मागायची. तेवढं येत असेल तर घरचा अभ्यासक्रम संपला, बाहेर पडा.

२. माणूस नीट निवडा. आमचा तालुका अवर्षणाचा, त्यामुळे पाणी कुठून कुठे जातं हे इथल्या पोरालाही कळतं. देवनदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने उतारालाच जातं. आभार बरोबर उलटे, ते चढाला वाहतात. गल्लीत नळ आला, तर ज्याने चर खणला त्याच्याकडे बघू नका. ज्यांनी नारळ फोडला, ज्यांनी तो फोडायला वेळ दिला आणि ज्यांच्या प्रयत्नांतून तो वेळ मिळाला, अशी वर-वर जाणारी यादी करा. यादीतला माणूस पुढे कधी उपयोगी पडेल का, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या. तो प्रश्न हीच यादीची चाळणी आहे.

३. साहित्य आणा. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. दुकानात जाल तेव्हा ‘सत्काराची शाल’ म्हणूनच मागा, नुसती शाल मागितलीत तर तो पांघरायची देईल. सत्काराच्या शालीने ऊब द्यावी अशी अपेक्षा नसते, तिने फोटोपुरतं खांद्यावर टिकावं. घडी पूर्ण मोडू नका. शाल पुढे जाणार आहे, आणि ती कुठून आली होती याचा फार तपास करायचा नसतो. माझ्या माहितीतली एक मरून शाल चारेक वर्षांत तीन सोसायट्या, एक पतसंस्था आणि एका सेवापूर्ती समारंभातून फिरून मूळ मालकाच्या खांद्यावर आली. त्याने ती काठावरच्या चहाच्या डागावरून ओळखली आणि तितक्याच भारावून स्वीकारली. याला संस्कार म्हणतात.

लग्नात शालीऐवजी टॉवेल-टोपी चालते, आणि कृतज्ञतेचा खरा उच्च अभ्यासक्रम इथेच आहे. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो. तो भटजींसाठी. तुम्ही १२ वाजून ३० मिनिटांनी माईक ताब्यात घ्या आणि नावं पुकारायला लागा. आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, व्हाइस चेअरमन, बाजार समितीचे संचालक, ‘आपल्या सर्वांचे लाडके’, ‘युवकांचे आशास्थान’. पलीकडे अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतील, नवरीच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत येईल, मागे आचारी भाताकडे बघत उसासे टाकेल. विचलित होऊ नका. एखादे पाहुणे मंडपाच्या दारात दिसले आणि त्यांचं नाव यादीत नसेल, तर मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांच्या मध्येसुद्धा ते घेता येतं. नवरा-नवरी कुठे जात नाहीत. माजी सभापतींना मात्र अजून चार लग्नं गाठायची असतात.

४. आभाराचं भाषण पाठ करा. विचार करून बोलायला जाल तर फसाल, त्यात एखादा खरोखरचा माणूस आठवण्याचा धोका असतो. सुरुवात इतिहासाने करा. तालुक्यातल्या डुबेऱ्याला, बर्वे यांच्या वाड्यात, १८ ऑगस्ट १७०० रोजी पहिल्या बाजीरावाचा जन्म झाला, आजोळी. ही माहिती खरी आहे आणि पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनापासून डोळे तपासणी शिबिरापर्यंत कुठेही बसते. मग ‘आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून’. दीड तास उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी हे वाक्य विशेष आवाज लावून म्हणा. त्यानंतर ‘ज्ञात-अज्ञात हात’, यात रात्रभर मंडप उभारणारी पोरं, सतरंज्या घालणारे, भांडी घासणाऱ्या बाया, सगळे एकाच शब्दात उरकतात. शेवटी, ‘त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करतो.’ मंडपवाल्याच्या बाबतीत हे अगदी खरं असतं, दिवाळी उलटून गेली तरी.

तुम्ही हे सगळं बोलत असताना श्रोते जेवणाकडे निघालेले असतील आणि खुर्च्या एकात एक घालण्याचा आवाज येईल. वाईट वाटून घेऊ नका. आभार ऐकायचे नसतात.

५. फ्लेक्स लावा. रामनवमीच्या आधी मुंबईच्या साईपालख्या घोटीकडून सिन्नरमार्गे शिर्डीला पायी जातात. रस्त्याकडेची घरं पाणी देतात, चहा देतात, पायाला फोड आलेल्या पोरांना ओसरी झाडून देतात. ते त्यांचं चाललेलं असतं, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आपण ‘साईभक्तांचे हार्दिक स्वागत’ असा वीस फुटी फ्लेक्स लावायचा. साईबाबा डाव्या कोपऱ्यात, पासपोर्ट आकारात. मध्यभागी हात जोडलेले तुम्ही. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, वर्गणीच्या उतरत्या क्रमाने. भक्त फ्लेक्सच्या सावलीत दोन मिनिटं बसला, तर तीही आपली सेवा धरावी.

६. कुणाचे आभार मानायचे नाहीत, हे नक्की करा. इथे भाबडेपणा नडतो. गोंदेश्वराचं देऊळ पाहा. यादवकाळातलं, भूमिज शैलीचं, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी मंदिरं असं पंचायतन. तो दगड घडवणाऱ्या पाथरवटांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येतं का? तरी देऊळ उभं आहेच. उलट परवा परवा बसवलेल्या सिमेंटच्या बाकावर देणगीदाराचं नाव बसायच्या जागेपेक्षा मोठं असतं.

विडी कामगार बायांचा प्रश्न जरा नाजूक आहे, कारण सिन्नरचं नाव विडीनेच दूरवर गेलं. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, तेव्हा आभार आणि कशाला? तरीही ८ मार्चला सत्कार ठेवायचाच असेल तर तो दुपारी ठेवा, पान भिजवून, कापून झालेलं असतं आणि वळायला बसायची वेळ असते तेव्हा. पाहुणे दोन तासांनी येतील. तोवर बायांना पुढच्या रांगेत बसवा, फोटोत गर्दी चांगली दिसते. प्रत्येकीला एकेक गुलाब द्या. मजुरी हजार विड्यांवर असते आणि गुलाब त्या हजारात धरत नाहीत, त्यामुळे त्या दिवसाचा खाडा त्यांनी रात्री जागून भरावा. एखादी मावशी मधेच उठून चालू लागली तर तिला हाताला धरून बसवा आणि माईकवरून सांगा, “आमच्या भगिनी किती साध्या आहेत बघा.”

बैलाचं मात्र जरूर करा. श्रावणातल्या अमावास्येला पोळा, आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी खाऊ घालायची. घरात बैल नसेल तर ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घाला. हप्ते थकलेले असतील तर हार जरा मोठा घ्या. बैलाचं एक बरं असतं, तो पुढच्या कार्यक्रमाला आपलं नाव का राहिलं म्हणून रुसत नाही.

बाकी कुणी रुसलंच, तर ‘अनवधानाने कुणाचे नाव राहून गेले असल्यास मोठ्या मनाने माफ करावे’ हे वाक्य तयार आहे. ते कार्यक्रमाआधीच छापून ठेवा, नावं नंतर गाळता येतात.

स्वाध्याय: गल्लीत सार्वजनिक सत्यनारायण आहे. आचारी, मंडपवाला, सतरंजी झाडणारा मुलगा आणि माजी सभापती यांपैकी पहिलं नाव कुणाचं घ्याल? उत्तर लिहू नका. माजी सभापती माईकजवळ पोचलेसुद्धा.