चाकणला राहून बीएला सिनेमा कसा घ्यावा

घरी विषयाचं नाव सांगू नये. "दोन क्रेडिटचं इलेक्टिव्ह आहे," एवढंच म्हणावं. क्रेडिट म्हटलं की पप्पांना मोबाइलचा हप्ता आठवतो आणि ते गप्प बसतात. मामाला मात्र पत्ता लागतोच. "म्हणजे हिरो होणार का?" नाही म्हणावं. "मग आयटीआय का नाही केलं?" याचं उत्तर कुठल्याच चित्रपट-सिद्धान्तात नाही. चहा घ्यावा.

परिभाषा पाठ करत बसू नये, ती रस्त्यावर मिळते. पीएमपीच्या बसमध्ये मोशीला डोळा लागतो आणि उघडतो तो एकदम चाकणला, हा जंप कट. तळेगाव चौकात अर्धा तास डोळ्यांपुढे एकच कंटेनर, हा लाँग टेक. (दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते इथंही कळत नाही.) 'मीज-आँ-सेन' हा शब्द मात्र सरांसमोर मोठ्यानं उच्चारू नये. त्यांचीही अडचण होते.

प्रभातचा 'संत तुकाराम' (1936) अभ्यासाला असतो. देहू आपल्या शेजारीच, तेव्हा न बघताच चार पानं लिहायची आपल्याकडे प्रथा आहे. तरी बघावा. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात तुकोबा अभंगात रमलेले असतात आणि घर चालवायचं ते जिजाईनं. पोरगं आजारी पडल्यावर ती थेट विठोबावरच चप्पल उगारते. हा प्रसंग आईसोबत महिनाअखेरीला बघू नये.

त्याच 1936 सालचा चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' पप्पांना दाखवावा, पण स्वतः आधी हसू नये. लाइनीवर नट आवळून आवळून चॅप्लिनचं डोकं फिरतं, तिथं पप्पा मान हलवतात. "दोन्ही हातांत पाने? टॉर्क गन नाही दिली याला?" हे वाक्य जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरवावं. आमच्या वर्गात यापेक्षा बरी समीक्षा कुणी केलेली नाही.

लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालय आहे, 1964 सालचं. तिथं जायला नाशिक फाट्यापर्यंत बस, पुढं मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदल, डेक्कनला उतरून पायपीट. डबा सोबत घ्यावा.

राहिलं प्रॅक्टिकल. मोबाइलवर एका मिनिटाची फिल्म करायची असते. विषय शोधायला कोकणात वगैरे जाऊ नये. ल्युमिएर बंधूंनी 1895 साली ल्योंमधल्या स्वतःच्याच कारखान्याचं फाटक उघडताना टिपलं: बाया, बाप्ये, एक कुत्रं, पन्नासेक सेकंदांत सगळे बाहेर. पुढच्या वर्षी 7 जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लोकांनी तिकीट काढून ल्युमिएरची ही असली चित्रं पाहिली. म्हणजे शिफ्ट सुटली, याला तेव्हा पैसे पडत.

आपल्या गेटवर पन्नास सेकंदांत काही आटपत नाही, कारण बॅगा तपासतात. सिक्युरिटीवाला "ओ, शूटिंग नाही" म्हणून ओरडतो. तेव्हा समोरच्या वडापावच्या गाडीआड उभं राहावं आणि मोबाइल आडवा धरावा. तीन वाजता फर्स्ट शिफ्ट सुटते. कॅमेऱ्याकडे कुणी बघू नये, असं सरांनी बजावलेलं असतं. नेमके पप्पा बघतात. गर्दीतून सरळ लेन्सकडे चालत येतात. "लेक्चर नाही का आज?"

टेक वाया गेला म्हणून खचू नये. ल्युमिएरलाही ते फाटक तीनदा टिपावं लागलं होतं. आपल्याकडे सेकंड आणि थर्ड शिफ्ट आहेच.