न वाचता भाविक कसे राहावे

पवित्र शास्त्र नाकारायचे असेल तर ते जाळू नये, फाडू नये, त्याविरुद्ध चकार शब्द काढू नये. असली कामे नास्तिकांची. त्यांना निदान आधी वाचावे तरी लागते. मंडळीच्या सभासदाने हे काम आदराने करावे.

त्यासाठी चेन लावलेले, सोनेरी कडांचे मोठे बायबल घ्यावे. पहिल्या कोऱ्या पानावर लग्नाची तारीख आणि मुलांचे बाप्तिस्मे लिहावेत, आणि मग ते हात सहज पोचणार नाही अशा उंच जागी ठेवावे. उपासनेला मोबाइल पुरतो. शास्त्रपाठाच्या वेळी मान खाली घालून बोट फिरवत राहिले, की पाळकसाहेबांनाही समाधान वाटते.

कोणी खोदून विचारलेच, तर पंडिता रमाबाईंचा विषय काढावा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. साध्यासुध्या बायकांना वाचून समजावे म्हणून ही सगळी खटपट. सांगताना आपला ऊर असा भरून यावा, की ‘मग तुम्ही ते वाचलेत का?’ असे विचारायचा धीर समोरच्याला होऊ नये.

जानेवारीत वर्षभराच्या वाचनाचा संकल्प मात्र जरूर करावा. अध्याय १,१८९, रोज तीन-चार धरले की हिशेब बसतो. उत्पत्ती सुखाने सरते, निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत मजा आहे. मग निवासमंडपाचे पडदे, फळ्या, कड्या सुरू होतात आणि पाठोपाठ लेवीय. त्याच्या तेराव्या अध्यायात, कुष्ठाच्या नियमांपाशी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला थांबावे. पुढे धोका आहे. एकोणिसाव्यात शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका, असे लिहिले आहे.

वाचनाची उणीव वचने भरून काढतात. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत काढलेली चिठ्ठी वर्षभर पुरते. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याने मात्र पथ्य पाळावे. यिर्मया २९:११ घ्यावे, त्यात कल्याणाचा आणि आशेचा शब्द आहे. दहावे वचन घेऊ नये. हा शब्द बाबेलातल्या बंदिवानांना दिलेला आहे आणि तो खरा व्हायला ७० वर्षे लागतील, हे तिथे स्वच्छ सांगितले आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचसे तोवर मातीत गेलेले. फिलिप्पैकरांस ४:१३ सर्वांना आवडते, कारण त्यात सर्व काही करण्याची शक्ती आहे. बाराव्यात पौल उपाशी राहायलाही शिकल्याचे सांगतो, ते गाळावे. याकोबाच्या पत्राला तर हातच लावू नये. कामकऱ्यांची मजुरी दाबणाऱ्या श्रीमंतांना त्याने पाचव्या अध्यायात जे सुनावले आहे, ते चुकून मंडळीच्या खजिनदाराच्या हाती लागले तर नववर्षाचा केक कडू व्हायचा.

लग्नकार्यात लूक १४ आडवे येते. मेजवानीला श्रीमंत शेजारी नको, गरीब, लंगडे, आंधळे बोलवा, असे खुद्द येशूने सांगितले आहे. पण हॉलवाल्याला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो आणि तो साहेबलोकांनीच भरतो. सोयरीक जुळवताना गलतीकरांस ३:२८ तोंडपाठ असावे. ख्रिस्तात भेद नाही, हे म्हणून झाले की आडनाव ऐकून हळूच विचारावे, ‘तुम्ही मूळचे कोणते?’

आता मिळकतीचे. भावाने भावाला कोर्टात खेचण्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा, असे पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बजावले आहे. पौलाला इथले गुंठ्याचे भाव ठाऊक नव्हते. तेव्हा देवळाच्या जागेवरून दोन गट पडले, की खुशाल दावा लावावा, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा आणि निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून उपवास-प्रार्थना ठेवावी. तारीख मात्र आधी विचारून घ्या. पलीकडच्या गटानेही तोच दिवस धरलेला असतो.