कुर्डुवाडीहून मेडनला

आयर्न मेडन या लंडनच्या मेटल बँडचा टी-शर्ट घालून मी येरमाळ्याच्या स्टँडवर उभा असलो की कुणीतरी विचारतंच, ‘हे तुला कळतं का?’ पुण्यात गेलं की तोच प्रश्न जरा सफाईदार होऊन येतो, ‘येरमाळ्यात हे कुठून पोचलं?’ गावातल्याला वाटतं मी शहरी झालोय. शहरातल्याला वाटतं मी वाट चुकलोय. दोघांनाही एकदाच उत्तर देतो.

हे कॅसेटमधून पोचलं. मामेभावानं सोलापूरहून मेडनची ‘पॉवरस्लेव्ह’ आणली होती, 1984 ची. कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद उलगडला की बारीक अक्षरात गाणी छापलेली. दहावीचं इंग्रजी आणि जवळ एक डिक्शनरी, एवढ्यावर मी शेवटचं गाणं लावायला घेतलं. ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, तेरा मिनिटांच्या वरचं. एक म्हातारा खलाशी लग्नाला निघालेल्या पाहुण्याला अडवतो आणि आपण केलेल्या पापाची गोष्ट ऐकवतो. त्यानं एक पक्षी मारलेला असतो, आणि त्या पापानं सगळं जहाज पाण्यावाचून तडफडतं. कोलरिजची 1798 ची कविता मेडनचा बासवाला स्टीव्ह हॅरिस यानं गाण्यात बसवली आहे. अल्बट्रॉस कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. पण रात्रभर चालणारं आख्यान कसं असतं हे पुरतं माहीत होतं. आमच्याकडं लग्नानंतर गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ कमरेला बांधला जातो, तुणतुणं लागतं आणि नाईक कथा लावतो. मधेच थांबतो, बोलतो, आवाज खाली नेतो आणि संबळ कडाडला की परत उचलतो. ‘राइम’च्या मधल्या भागात वाद्यं जवळजवळ गप्प होतात, नुसतं जहाजाचं लाकूड करकरल्यासारखं ऐकू येतं आणि एक आवाज बोलत राहतो. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काहीही परकं वाटलं नाही. परकं वाटायला हवं होतं असं मानणाऱ्यांनी गोंधळ कधी पहाटेपर्यंत बसून ऐकलेला नाही.

मेडन भारतात पहिल्यांदा आले 17 मार्च 2007 ला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर. परीक्षेचे दिवस होते, जाता आलं नाही. पुढच्या वर्षी ते मुंबईत आले. 1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुल. त्यांचा तो जगभराचा दौरा सुरूच मुंबईतून होणार होता. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः परवानाधारक वैमानिक. बोइंग 757 च्या मागच्या खुर्च्या काढून तिथं सामान भरलेलं, पुढं बँड आणि वाजंत्र्यांचा सगळा लवाजमा, आणि विमान चालवायला स्वतः गायक. मी येरमाळ्याहून एसटीनं बार्शी, बार्शीहून कुर्डुवाडी आणि रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून दादर गाठलं. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. गेटवर ती काढून घेतली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाले. चारशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाची भाकरी कचऱ्याच्या पिंपात टाकायची, हा नियम करणाऱ्यानं कधी लांबून काही ऐकायला जाऊन पाहिलेलं नसणार. भुकेनं काही बिघडलं नाही. भाकरी टाकली ते मात्र अजून सलतं.

अंधार पडला आणि पडद्यामागून चर्चिलचा आवाज आला, 1940 च्या भाषणाचा. चारी बाजूंनी पोरं ओरडली. मी गप्प होतो. 1943 साली बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली तेव्हा पंतप्रधानाच्या खुर्चीवर हाच माणूस होता, हे मला विसरता येत नाही. ते भाषण मला त्या रात्री आवडलं नाही, आजही आवडत नाही. मग ‘एसेस हाय’ सुटलं आणि डिकिन्सन धावत पुढं आला.

इथं मला थोडं थांबायचं आहे. कॅसेटवर मी हॅरिसचा बास वर्षानुवर्षं ऐकला होता. तो पिक वापरत नाही, नुसत्या बोटांनी तारा छेडतो आणि त्यातून घोड्याची दौड काढतो. हे मी वाचलं होतं, कानांनीही ओळखलं होतं. पण त्या मैदानात तो बास आधी छातीत लागला आणि मग कानाला. टेपरेकॉर्डरनं मला एवढी वर्षं गाण्याचं फक्त वरचं कवच दिलं होतं. खालचा निम्मा भाग गिळला होता. संबळाचं रेकॉर्डिंग असंच फसतं. मोबाइलवर घेतलेला संबळ पत्र्यासारखा वाजतो. समोर बसलं की त्याचा घुमारा जमिनीतून येतो.

‘द ट्रूपर’ला डिकिन्सन लाल कोट चढवून ब्रिटनचा झेंडा हलवत आला. बरोबरचा एकजण वैतागला, ‘मुंबईत येऊन हा झेंडा?’ त्याचा राग मला समजतो. पण गाणं नीट ऐका. 25 ऑक्टोबर 1854, क्रिमियातली बालाक्लाव्हाची लढाई. चुकलेल्या हुकमापायी सहाशेच्या वर घोडेस्वार तोफांच्या तोंडी दिले गेले. टेनिसननं त्यावर कविता लिहिली ती दुरून बघणाऱ्याची. मेडननं गाणं केलं ते घोड्यावरून पडून मरणाऱ्याच्या तोंडून. कोट सरकारचा आणि मरण शिपायाचं, अशी ती गोष्ट. शाहिरांच्या मुलखातला माणूस ती ऐकून झेंड्यावर अडत नाही.

‘फिअर ऑफ द डार्क’ आलं. त्यात शब्दांच्या आधी गिटारची एक सुरावट आहे. ती गिटारच्या बरोबरीनं सगळ्या मैदानानं गायली. शब्द नाहीत, नुसता ‘ओ’. हजारो माणसांनी झील धरली होती. माझ्या डावीकडं मिझोरामहून आलेली पोरं, उजवीकडं साठीकडं झुकलेला एक गोव्याचा गृहस्थ. आम्हा तिघांची घरची भाषा वेगळी आणि सूर एकच. त्या वेळी माझा आवाज फुटला. मी रडत होतो आणि त्याची मला लाज वाटली नाही. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चुन्याच्या रानात लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात, येडेश्वरीची पालखी आमराईकडं निघते आणि ‘उदो’ उठतो. त्या आवाजात माझा आवाज कुठला हे मला आजवर ओळखू आलेलं नाही. वांद्र्यातही आलं नाही. देवी आणि बँड एक, असं मी म्हणत नाही. देवी देवी आहे. पण माणसाचा गळा दोन्हीकडं तोच असतो.

आणि ‘राइम’ त्यांनी पुरं वाजवलं. एका अक्षराची काटछाट नाही. मधल्या शांत भागात मैदानही शांत झालं. एवढ्या गर्दीला तेरा मिनिटांच्या गोष्टीसाठी धीर असतो. हल्ली लोकांना लांबलचक काही ऐकायला नको असतं, असं सांगत आपल्याकडं गोंधळाचं आख्यान वीस मिनिटांत गुंडाळायला लावणारे यजमान मी पाहतो. त्यांचं म्हणणं खोटं आहे. मी पुरावा बघितला आहे.

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. कुर्डुवाडीपर्यंत उभा होतो, कान वाजत होते.

ती माणसं तेव्हाच पन्नाशीच्या आसपास होती. 1975 च्या नाताळात हॅरिसनं पूर्व लंडनमध्ये हा बँड उभा केला, तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता. नंतर डिकिन्सनला जिभेचा कर्करोग झाला, तो बरा झाला, परत गायला लागला. ढोलवाल्या निको मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका आला, तोही परत बसला. मॅकब्रेनबद्दल एक सांगायचं राहिलं. मेटलचे बहुतेक ढोलवाले पायाखाली दोन पॅडल घेतात, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीनं मारून वेग काढता येतो. तो एकच पॅडल घ्यायचा आणि एकाच पायानं ती दौड पुरी करायचा. 7 डिसेंबर 2024 ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोत तो बँडबरोबर दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम वाजवून उठला. आता त्याच्या जागी दुसरा बसतो.

मी त्याला वाजवताना पाहिलं आहे. 1 फेब्रुवारी 2008, वांद्रे, एका पायानं.