चिमणीतला कावळा आणि बाकीची सजावट

रेडिंग,
पितृपक्षातला रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमची तक्रार पोचली. व्हिडिओ कॉलवर मी फोन इतका हलवते, की तुम्हाला फायरप्लेस कुठली आणि जावई कुठले हे कळत नाही. गेले सहा महिने दोघेही सारखेच काळे असल्यामुळे तुमचा दोष नाही. म्हणून आता सगळं नीट कागदावर लिहिते.

आणि आई, आधी तुझ्याशी. ती चूल नाही! "पोरीच्या दिवाणखान्यात चूल आहे" असं तू अख्ख्या साताऱ्याला सांगितलंस आणि परवा आत्याचा फोन आला, "का गं, स्वयंपाकघर भाड्याने दिलंय का?" चूल नाही, शेगडी नाही, आपला पाणी तापवायचा बंबही नाही. खरं तर बंबाच्या जवळची आहे. खाली विस्तव, वर धुराडं. बंबाचं निदान पाणी तरी तापायचं. हिची निम्म्याहून जास्त ऊब धुराड्यातून थेट आभाळात जायची आणि उरलेल्या उबेत घरातली माणसं पोटाकडून भाजून पाठीकडून गारठायची. त्यासाठी प्रत्येक खोलीत एकेक! आमचं घर 1890च्या आसपासचं, लाल विटांचं, दोन्ही बाजूंच्या घरांना खेटून उभं. त्या काळी हे गाव हंटली अँड पामर्सच्या बिस्किटांवर चालायचं आणि अशा घरांत कारखान्याची माणसं राहायची. बाबा, तुम्ही चहात बुडवून बिस्किट खाता ते इथे आल्यावर अभिमानाने खा.

घर बघायला गेलो तेव्हा दलालाने भिंतीकडे हात करून "मूळची, अस्सल" असं तीनदा म्हटलं. आम्ही पाहिलं तर भिंतीच्या मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटचे थरावर थर चढलेला एक ओतीव लोखंडी ऐवज. त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फरश्या, सहा इंची चौरस, त्यातली एक गायब. वर मँटलपीस, म्हणजे फळीच, पण तिला फळी म्हटलं की इथल्या लोकांना वाईट वाटतं. ज्या भिंतीत हे सगळं बसवलंय ती खोलीत हातभर पुढे आलेली असते आणि तिला इंग्रजीत चिमणीची छाती म्हणतात. मी मुद्दाम बनवून सांगत नाही. छातीच्या दोन अंगांना कोनाडे. आपल्या वाड्यातल्या कोनाड्यात पणती मावायची, यांच्यात कपाट मावतं.

आता एवढं असून ती पेटवायची नाही. 1952च्या डिसेंबरात कोळशाच्या धुराने लंडन पाच दिवस गुदमरलं, हजारो माणसं गेली, आणि 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. तेव्हापासून ठरवून दिलेल्या भागांत साधा कोळसा-लाकूड उघड्या विस्तवात जाळता येत नाही. आमची गल्ली त्यातच. म्हणजे घरातल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं जिच्याकडे, ती गोष्ट नुसती सजवायची. जावई पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे देवघरच की." इथून सगळं सुरू झालं.

कारण मग मी ग्रुपवर विचारलं, इथे काय ठेवू? विचारायला नको होतं. बाबा, तुम्ही पट्टीने आखून काचेच्या शोकेसचा नकाशा पाठवलात, त्यात तुमची निवृत्तीची ढाल मधोमध. आईने लोकरीचं तोरण सुचवलं. मामाने विचारलं फायरप्लेस कुठल्या दिशेला, मी होकायंत्र लावून कळवलं ईशान्येला, तर त्याने आधी नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि तासाभराने लिहिलं, "अग्नी आग्नेयेला हवा. घर फिरवता येईल का?" जावयांना तिथे वर टीव्ही लावायचा होता. तो मुद्दा मी पहिल्याच संध्याकाळी निकालात काढला. एवढ्या उंचीवरचा टीव्ही बघायचा म्हणजे रोज चित्रपटगृहातली पहिली रांग. तुमच्या नातीचं, चिऊचं म्हणणं मात्र सोपं होतं. नाताळात तिथे मोजे टांगायचे. "पायातले?" आईने लिहिलं. "देवाजवळ?" तो विषय अजून मिटलेला नाही.

पण आधी सफाई. तुमच्या जावयांनी पहिल्याच शनिवारी मोबाइलचा दिवा लावून खालून वर डोकावून पाहिलं. वर काहीतरी सळसळलं, आणि मग बदाबदा काजळी. बाहेर आले ते थेट पंढरपूरहून, कपाळभर काय, अंगभर बुक्का! दोन दिवस कानांतून निघत होता.

मग धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. इथे तो लग्नाला आला तर शुभ मानतात म्हणे, आणि हा आला तोही आनंदी चेहऱ्याने. एकात एक पेच फिरवून जोडायच्या काठ्या, टोकाला गोल ब्रश. दोन काठ्या वर गेल्या आणि तो थांबला, कान देऊन ऐकलं आणि आम्हाला खूण केली. वर पिल्लं होती. जॅकडॉ नावाच्या पक्ष्याची. म्हणजे कावळाच, पण थोडा लहान, डोळे फिकट, आणि मानेला करड्या रंगाचा मफलर. याची घर बांधायची रीत अशी, की धुराड्यात वरून काड्या टाकत सुटायचं. एखादी अडकेपर्यंत. एक अडकली की त्यावर दुसरी. पहिल्या शंभर खाली पडल्या तरी याला त्याचं काही नाही. आपल्या गावातल्या एका बांधकाम ठेकेदाराची आठवण झाली.

माणूस काठ्या गोळा करून निघाला. 1981च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे चालू घरट्याला हात लावता येत नाही, पिल्लं उडून गेली की बोलवा, म्हणाला. चिऊला ही बातमी दिली तर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तू तिला लहानपणापासून ती गोष्ट सांगतेस ना आई, पावसात भिजलेला कावळा चिमणीचं दार ठोठावतो आणि ती त्याला ताटकळत ठेवते? तिचा हिशेब एका क्षणात जुळला. "म्हणजे शेवटी तो न विचारताच आत आला!" त्या दिवसापासून आमच्या चिमणीत कावळा राहतो, हे तिने शाळेत मराठीतच सगळ्यांना सांगितलं. कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या मिळाल्या.

जुलैपर्यंत आम्ही भाडेकरू सांभाळले. दरम्यान लोखंडाकडे वळलो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. आधी तपासायचं, मग लगदा फासून वरून कागद चिकटवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी खरवडायचं. मास्क, हातमोजे, चिऊ वरच्या मजल्यावर. पांढऱ्याखाली साय रंग, त्याखाली दवाखान्यातला हिरवा, त्याखाली चॉकलेटी. प्रत्येक पिढीने आपल्या मते घर सुधारलेलं. आणि सगळ्यात खाली, आई, सूर्यफुलं! लोखंडात ओतलेली, पाकळी न् पाकळी मोजता येईल अशी, आणि फरश्यांवरही तीच. मी तिथेच फतकल मारून बसले.

माझा आनंद रात्रभर टिकला. कारण निघालेला लगदा तुमच्या जावयांनी कौतुकाने बादलीभर पाण्याने धुऊन काढला आणि तसंच ठेवून झोपले. सकाळी सगळं गेरूने सारवल्यासारखं तांबडं. ओतीव लोखंड उघडं पडलं की त्याला पाणी दाखवायचं नसतं, हे आपल्याकडे बिडाच्या तव्याला कळतं, इंजिनियरांना कळत नाही. मग तारेच्या घासणीने तांबेरा काढला आणि काळं पॉलिश बोटभर घेऊन जुन्या टूथब्रशने फुलाफुलांत भरलं, कापडाने घासलं. तू दिवाळीआधी समया घासायला बसवायचीस तेव्हा मी पोट दुखतंय म्हणायचे. त्या सगळ्या समयांचा हिशेब इथे चुकता झाला.

हरवलेल्या दहाव्या फरशीसाठी जुन्या सामानाच्या वखारी पालथ्या घातल्या. ढिगाने फरश्या आहेत, पण आमचं सूर्यफूल कुठेच नाही. एका म्हाताऱ्या वखारवाल्याला मी म्हटलं, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याच्या फरश्यांवरून मी शाळेच्या सहलीत चाललेय, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. तो इतका खूश झाला की फरशी नसतानाही त्याने चहा दिला. शेवटी चिऊने साध्या पांढऱ्या फरशीवर चित्र काढलं आणि आम्ही ती बसवली. विस्तव पेटायचा नाही, तेव्हा रंग उडायची भीती नाही. आता नऊ सूर्यफुलं आणि एक कावळा, मफलरसकट.

जुलैअखेर धुराडं साफ झालं. चार गोणी काड्या निघाल्या, मेंढीची लोकर निघाली, आणि कुणाचं तरी 50 पेन्सचं नाणं. वर जाळीचं टोपडं बसवलं, आत लोकरीचा बोळा, पण थोडी हवा राहील असा. पूर्ण बुजवलं तर भिंतीला ओल धरते.

मग मँटलपीस मांडायला घेतला. शेजारच्या आजींनी वास्तुशांतीला चिनी मातीची दोन कुत्री दिली, लांब कानांची, पांढरी-तांबूस, गळ्यात सोनेरी साखळी. स्टॅफर्डशायरची ही जोडी व्हिक्टोरिया राणीच्या काळी घरोघरी फळीच्या दोन टोकांना बसलेली असायची, समोरासमोर. नाकारता येईनात. आई, तू फोटो बघून गप्प झालीस, ते मला इथे ऐकू आलं. पण बाबांनी वाचवलं: दत्तासमोर चार असतात, खंडोबाजवळ एक असतं, दोनाने काय बिघडतंय. मध्ये आरसा, आरशाला टेकवून दादाची लग्नपत्रिका. आमंत्रणं या फळीवर मांडून ठेवायची इथली पद्धत आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. आजी पत्रिकेवरचं हळदकुंकू निरखून म्हणाल्या, चहा सांडला का?

गणपती वर बसवायचा बेत होता. फळी 7 इंच खोल, पाट 9 इंचांचा. मग खाली फायरप्लेसच्या समोर चौरंग मांडला, आणि आई, मखर विकत आणावंच लागलं नाही! काळी लोखंडी महिरप, दोन्ही अंगांना सूर्यफुलं, तुझं लोकरीचं तोरण फळीवरून सोडलेलं, वर दोन श्वान द्वारपाल. मामाला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, ईशान्य ही देवाचीच दिशा, मी आधीपासून म्हणत होतो.

एकच गंमत. आरतीला निरांजन लावलं की ज्योत सरळ उभी राहीना. सारखी आत, धुराड्याकडे झुके. बोळा घालूनही तिथली हवा वर ओढली जातेच. चिऊ म्हणाली, कावळा फुंकर मारतोय, उलटी.

पत्रासोबत माप पाठवते: फळी 4 फूट लांब, तोरण दोन्हीकडून वीतभर जास्त लोंबतंय. आई, पुढचं त्या बेताने विण. आणि बाबा, बंब आणू नका. आम्हाला हवा आहे, कोळशाच्या डब्याच्या जागी तांब्याचं काहीतरी छानच दिसेल, पण तुम्ही तो विमानात हातातल्या सामानात आणायचं म्हणताय. डाळीचं पीठ ओळखू येईना म्हणून तुम्हाला मागच्या खेपेला विमानतळावर अर्धा तास बसवलं होतं, आठवतंय ना?

दोघांनी तब्येतीला जपा. चिऊचे गोड पापे.

तुमची,
बाबी

ता. क. आज आजोबांची तिथी. सगळं केलं, उडदाचे वडे केले, पान मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवलं आणि आत येऊन खिडकीशी उभे राहिलो. पाचच मिनिटांत मफलरवाला आला. आमच्या जाळीच्या टोपड्यावर बसला, आत वाकून पाहिलं, चोचीने दोनदा ठोठावलं. चिऊ पुटपुटली, "थांब, अंघोळ चाललीय." मग भिंतीवर उतरला, भाताला तोंड लावलं नाही, एक वडा उचलला, उडाला, आणि शेजारच्या आजींच्या चिमणीत टाकला.