सोळा इंचांचा पाहुणचार

बॉस्टनमधील मराठी विद्यार्थ्याचे समाजजीवन अभ्यासू पाहणाऱ्याने गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ किंवा पदवीदानाचे समारंभ यांच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथे प्रत्येक जण आपखुशीने आलेला असतो आणि कंटाळा आला की निघून जातो. माणसाची खरी पारख ज्या बैठकीतून उठून जाण्याची सोयच नसते अशा बैठकीत होते, आणि तिचा उत्तम नमुना म्हणून १४ व १५ फेब्रुवारी २०१५ या शनिवार-रविवारकडे बोट दाखवता येते. व्हॅलेंटाइन डे, विश्वचषकातील भारत-पाकिस्तान सामना आणि हिमवादळ हे तिन्ही त्या शहरात त्या वेळी एकदमच येऊन ठेपले. पहिल्या दोघांच्या तारखा कधीच्या ठरलेल्या होत्या. तिसरे आगंतुक होते, आणि आगंतुकाच्या रीतीप्रमाणे त्याने घरात पाऊल टाकताच बाकीच्यांची व्यवस्था आपल्या हाती घेतली.

इंग्रजीत ज्याला ब्लिझर्ड म्हणतात ते वादळ आणि साधी जोराची बर्फवृष्टी यांत शास्त्र फरक करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार ताशी ३५ मैलांचा, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरचा किंवा त्याहून जोरदार वारा आणि पाव मैलापलीकडचे काही न दिसणे ही जोडी किमान तीन तास टिकली, तरच वादळाला ही पदवी मिळते. त्या हिवाळ्यात शहराला या पदवीचे अप्रूप उरले नव्हते. जानेवारीच्या शेवटी एकाच वादळात दोन फुटांहून अधिक बर्फ पडला होता, त्यानंतर जवळजवळ दर आठवड्याला त्यात भर पडत गेली, आणि हंगाम संपला तेव्हा एकूण आकडा ११० इंचांच्या पुढे जाऊन १९९५-९६ सालचा १०७.६ इंचांचा उच्चांक मोडून बसला. पाऊस मिलिमीटरमध्ये ऐकण्याची सवय असलेल्या पुणेकर विद्यार्थ्याला नऊ फूट बर्फ ही छपाईतली चूक वाटते, आणि तो ती दुरुस्त करून घरी कळवतो. त्यामुळे आईवडिलांची काळजी कमी होते आणि दरवाजा उघडत नसल्याची त्याची तक्रार मात्र त्यांना अनाकलनीय राहते.

शहराच्या सार्वजनिक वाहतुकीला तिथे नुसते ‘टी’ म्हणतात. या व्यवस्थेतील १८९७ सालचा बोगदा हा अमेरिकेतील पहिला भुयारी रेल्वेमार्ग होय, ही माहिती नव्या विद्यार्थ्याला सप्टेंबरमध्ये अभिमानाची बाब म्हणून सांगितली जाते आणि फेब्रुवारीत कारण म्हणून. भुयाराबाहेर, उघड्यावर धावणाऱ्या भागात गाडीला वीज पुरवणारा तिसरा रूळ बर्फाखाली जातो, आणि जुन्या डब्यांच्या तळाशी असलेल्या मोटारी थंड राहण्यासाठी जी हवा ओढून घेतात तिच्याबरोबर भुरभुरीत हिमही आत जाऊन त्या निकामी होतात. ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी रेल्वेसेवा थांबवून दुसरा पूर्ण दिवस ती बंद ठेवावी लागली होती, आणि रविवारी, १५ तारखेला, तर बससह सगळेच बंद राहणार होते. परिणामी त्या शनिवारी विद्यार्थ्याचा मित्रपरिवार आवडीनिवडी, गाव किंवा अभ्यासक्रम यांवरून ठरला नाही. बर्फ दाट होऊ लागला तेव्हा जो ज्या घरात होता, ते त्याचे मित्र.

असे एक घर मिशन हिलवर कल्पावे. ही टेकडी विद्यापीठांपासून आणि इस्पितळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने विद्यार्थ्यांची आवडती आहे. तिच्यावर लाकडी तिमजली घरे उभी आहेत, मजल्यागणिक एक बिऱ्हाड, आणि भाडे वाटून घेण्याच्या गरजेतून दिवाणखान्यालाही पडदा लावून त्याची खोली करण्याची प्रथा आहे. पडद्यामागे राहणारा विद्यार्थी भाडे कमी देतो, मात्र घरातील प्रत्येक समारंभाला तो आपोआप निमंत्रित असतो.

ऑरेंज लाईनच्या उत्तर टोकाजवळच्या माल्डनहून सामना पाहायला निघालेला पाहुणा रॉक्सबरी क्रॉसिंगला उतरून जेव्हा टेकडी चढू लागतो, तेव्हा खऱ्या प्रवासवर्णनाला आरंभ होतो. शहराच्या नियमानुसार बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरमालकाने आपल्यासमोरच्या पदपथावर ४२ इंच रुंदीची वाट मोकळी करायची असते. महिनाभराच्या बर्फानंतर ही वाट छातीइतक्या उंच भिंतींमधला चर झालेली असते आणि नियमातले ४२ इंच कागदावरच राहतात. समोरून कोणी आले तर एकाने भिंतीत शिरून दुसऱ्याला वाट द्यावी असा संकेत आहे, पण ‘आधी आपण’ म्हणण्याचे संस्कार झालेले दोघे जण समोरासमोर आले तर दोघेही भिंतीत शिरतात आणि चर रिकामा राहतो. कडेला, उपसून मोकळ्या केलेल्या गाडीच्या जागेत मोडकी खुर्ची, इस्त्रीचे टेबल किंवा वाहतुकीचा नारिंगी शंकू मांडलेला दिसतो. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, हा या खुर्चीचा अर्थ असून हिम-आणीबाणी संपल्यावर ४८ तासांपर्यंत शहर तिच्याकडे काणाडोळा करते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला ही संस्था समजावून सांगावी लागत नाही. त्या परक्या शहरात पहिल्यांदा आपलेपणा वाटण्याचे ठिकाण बहुधा हेच असावे.

वादळाच्या आदल्या दिवशीच्या खरेदीचीही एक रूढी आहे. इशारा येताच शहर दूध, पाव आणि अंडी यांवर तुटून पडते, आणि १९७८ सालच्या फेब्रुवारीतील महावादळाची आठवण काढत जाणती मंडळी या घबराटीला इतिहासाचा आधार देतात. वीस पौंडांची तांदळाची पिशवी पलंगाखाली बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला वास्तविक यातले काहीच लागत नाही. तरीही सगळे घेत आहेत म्हणून तोही दुधाचे तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरांहून अधिक, उचलून आणतो आणि कांदे विसरतो.

शनिवारी संध्याकाळी या घरात कोण कोण जमले याची यादी करण्यात अर्थ नाही, कारण बर्फ वाढत गेला तशी ती वाढत गेली. तिच्यातले एक जोडपे मात्र उल्लेखनीय ठरते. व्हॅलेंटाइन डेच्या भोजनासाठी आठवडाभर आधी राखून ठेवलेले टेबल वादळामुळे हातचे गेल्यावर ‘दहा मिनिटे डोकावून जाऊ’ अशा बेताने ते आले, आणि त्यांचा तो प्रेमदिन अकरा माणसे, एक लॅपटॉप व कांद्याविना खिचडी यांच्या सहवासात साजरा झाला. तिने घातलेला लाल पोशाख आणि त्यावर यजमानाने अगत्याने दिलेली घोंगडी हा त्या रात्रीचा एकमेव शृंगार होय.

ॲडलेडचा सामना भारतात रविवारी सकाळी नऊला सुरू झाला, तेव्हा बॉस्टनमध्ये शनिवारच्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. विकतचे प्रक्षेपण एकाने घेऊन सर्वांनी पाहायचे, ही सहकाराची चळवळ महाराष्ट्राने परदेशी नेल्याचे उदाहरण मानावयास हरकत नाही. मात्र इंटरनेटवरून येणारे चित्र प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने पोहोचते, आणि खालच्या मजल्यावर ते अर्ध्या मिनिटाने आधी पोहोचत होते. त्यामुळे कोहलीचे शतक वरच्या मजल्याने प्रथम जमिनीतून ऐकले आणि मग डोळ्यांनी पाहिले. कोहलीच्या १०७, रैनाच्या ७४ आणि धवनच्या ७३ धावांच्या जोरावर भारताने ७ बाद ३०० केल्या, आणि पहाटे दोनच्या सुमारास मध्यंतर झाले.

मध्यंतरात भूक लागते, भुकेला पोहे लागतात आणि पोह्यांना फोडणी. अमेरिकन घराच्या छताला चिकटवलेले धूरसूचक यंत्र मोहरी तडतडणे आणि घर पेटणे यांत भेद करत नाही, आणि एरवी उघडता येणाऱ्या खिडक्या बर्फाने चिणल्या गेल्या होत्या. ते केकाटू लागताच एकाने खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घातला, दुसऱ्याने दार उघडले, दारातून हिम आत आले, आणि पाच मिनिटांच्या या झटापटीनंतर पोहे तयार झाले तेव्हा ते वर खोबरे भुरभुरल्यासारखे दिसत होते. खोबरे घरात नव्हते.

या मंडळीत लाहोरचा एक सहाध्यायी होता, आणि त्याची अवस्था आतिथ्यशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद म्हणावी लागेल. हरणाऱ्या पक्षाच्या माणसाला एरवी ‘सकाळी लवकर उठायचे आहे’ एवढे म्हणून निघता येते. त्याला जाण्यासाठी गाडी नव्हती, रस्ता नव्हता आणि दोन्ही जोडे बाथटबमध्ये वितळत पडले होते. पाकिस्तानचा डाव २२४ धावांवर आटोपला, भारत ७६ धावांनी जिंकला आणि विश्वचषकात भारताकडून झालेला पाकिस्तानचा तो सहावा पराभव ठरला. या सहा पराभवांचा हिशेब त्याला कोणी ऐकवला नाही, इतके सौजन्य त्या घरात होते. ते न ऐकवण्यासाठी सगळे जण ज्या प्रेमाने त्याला पोहे वाढत राहिले, त्यापेक्षा ऐकवले असते तर बरे, असे त्याने नंतर बोलून दाखवले.

रविवारी दुपारी शहराला आणखी सुमारे १६ इंच बर्फ मिळाल्याचे समजले. घरात एक फावडे आणि पंधरा सल्लागार असल्याने दारापासून रस्त्यापर्यंतची वाट निघायला अंधार पडला. मुंबईहून स्काइपवर एक आई दिसली, तिने मागे झोपलेल्यांची रांग पाहून ‘एवढी माणसे का?’ असे विचारले, आणि ‘बर्फ’ हे उत्तर तिने पाहुणे टाळता न येण्याचे नवे निमित्त म्हणून मनात नोंदवून ठेवले. दुधाची बासुंदी करण्याचा निर्णय एकमताने झाला. ती आटवण्यासाठी चार तास शेगडी चालू राहिल्याने घर प्रथमच ऊबदार झाले आणि तीन गॅलनांचे समर्थनही मिळाले. गाण्याच्या भेंड्या ‘ळ’वर येऊन नेहमीप्रमाणे बंद पडल्या. झोपण्याच्या जागांवरून जो तंटा झाला त्यात पडद्यामागच्या भाडेकरूने पडदा ओढून घेतला; भाडे कमी असले तरी हक्क पूर्ण असतो, हे त्याने कृतीने सिद्ध केले.

सोमवार प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा असल्याने विद्यापीठही कोणाची सुटका करणार नव्हते. मंडळी पांगण्याआधी हिशेब मांडणे मात्र अटळ होते, आणि त्यासाठी विद्यार्थीवर्ग स्प्लिटवाइज हे खर्च वाटून देणारे ॲप वापरतो, जे शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात २०११ साली जन्माला आले. तांदूळ, साखर, दूध आणि प्रक्षेपण यांचा खर्च त्यात भरण्यात आला. जोडप्याने आपण दोघे मिळून एक धरावे असा अर्ज केला. प्रेमाचा पुरावा म्हणून तो ग्राह्य मानला गेला, खिचडीच्या बाबतीत फेटाळला गेला. लाहोरकराने प्रक्षेपणाचा वाटा देण्यास ठाम नकार दिला, आणि त्या घरातील एकाही भारतीयाला त्याविरुद्ध युक्तिवाद सुचला नाही.