टाकीवाले अण्णा

उत्रोलीत येऊन येझदीवाल्याचं घर विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘टाकीवाले अण्णा’ म्हणालात तर शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. अण्णांची येझदी रस्त्यावर फार थोड्यांनी पाहिलीय. तिची टाकी मात्र अख्ख्या गावानं आतून पाहिलीय.

असा एखादा अण्णा भोर-वेल्ह्याच्या बऱ्याच गावांत सापडतो. नोकरी पुण्यात झालेली, निवृत्तीनंतर गावी परतलेला, गोठ्यात गायीच्या जागी गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावानं 1973 पासून मोटरसायकलींना येझदी नाव दिलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला, हे अण्णा न अडखळता सांगतात. स्वतःच्या लग्नाच्या सालाला मात्र काकूंकडे बघतात.

गंज हा त्यांचा वैरी, पण घरोब्यातला. भोरचा पाऊस मुक्कामी येतो. अर्धी रिकामी टाकी ओल धरते, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा खालून पोखरायला लागतो. ‘त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं. या ऊसवाल्यांनी आधी आपलं पाणी पळवलं, आता टाकीत आणून सोडलं!’

रविवारी सकाळी टाकी ओट्यावर येते. पेट्रोल फडक्यातून गाळलं की वर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी चुरा राहतो. तो प्रत्येकाला दाखवला जातो. विडी काढणाऱ्याला अंगणापार पिटाळलं जातं. मग आत सायकलची जुनी साखळी सोडायची आणि टाकी खळखळवायची. नट टाकले तर एखादा आतच दडून बसतो, साखळी एकसंध बाहेर येते. हे ज्ञान अण्णा फुकट वाटतात. तो खळखळाट ऐकून आळीला रविवार उजाडल्याचं कळतं आणि सल्लागार जमतात.

कुणी म्हणतं लिंबूसत्व, कुणी व्हिनेगर, कुणी चिंच. अण्णा कुणाचंच मन मोडत नाहीत. आळीतल्या साऱ्या लेकीसुनांच्या डोहाळ्यांना लागली नसेल एवढी चिंच एकट्या टाकीनं खाल्ली, असा काकूंचा हिशेब आहे. आंबट ओतून झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच, अगदी लगेच वाळवायचं. कारण उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. नेमका याच वेळी चहा येतो. चहाबरोबर भाताचा दर येतो, ग्रामपंचायत येते, कुणाची तरी सोयरीक येते. कप खाली ठेवेपर्यंत टाकीला नवा गंज आलेला असतो. ‘आरं तिच्या!’ म्हणत अण्णा साखळी उचलून जागेवर ठेवतात. चेहऱ्यावर दुःख म्हणावं असं काही नसतं.

शेवटी पुण्याहून पुतण्या आला. दोन डब्यांचं इपॉक्सी मिसळून त्यानं टाकीत ओतलं, टाकी सगळ्या अंगांवर फिरवली, उरलेलं निथळून काढलं, कॉकचे आटे मोकळे ठेवले. ‘काका, आता गंज विसरा. हा थर जन्मभर निघायचा नाही.’ ते ऐकून अण्णांनी हातातली साखळी कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

पुढच्या रविवारी मंडळी आली. टाकीत डोकावली. आत गुळगुळीत. कुणाला काही बोलायलाच उरलं नाही. अर्धा चहा टाकून एकेकजण कामाला लागला. तेलपाणी करून, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून, किक आणि गिअर असं दुहेरी काम करणाऱ्या त्या दांड्यावर अण्णांनी पाय मारला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. अण्णा भोरला जाऊन आले.

‘काय पाहिलंत?’ काकूंनी विचारलं.

‘रस्ता.’

परवा शेजारच्यानं विजेवरची स्कूटर आणली. पूजा झाली, पेढे वाटले. अण्णा तिच्याभोवती फिरले, वाकून सीटखाली पाहिलं.

‘टाकी कुठाय?’

‘टाकीच नसते अण्णा हिला.’

अण्णांनी त्या मालकाच्या पाठीवर हात ठेवला. ‘मग रविवारी करणार काय रे तू?’