बारा आण्याचं खुराडं

स्वस्तात खुराडं बांधायचं ठरलं की आधी एक वही आणावी. पहिल्या पानावर ‘अंदाजे एकूण खर्च’ असं लिहून पुढे 1500 रुपये मांडावेत आणि ते पान घरातल्या सगळ्यांना दाखवून मंजुरी घ्यावी. मंजुरी मिळाली की ते पान फाडून टाकावं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्यानं केली, त्यानं खुराडं बांधलेलं नसणार. नाहीतर तो मसाल्यापाशी थांबला नसता.

जागेचा हिशेब सोपा आहे. दर कोंबडीला आत किमान 2 चौरस फूट, म्हणजे चार कोंबड्यांना 8. 10 असले तर भांडणं कमी. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांधावं, म्हणजे पावसाळ्यात ओल चढत नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही. वास्तुशास्त्र जाणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. ते दुसरी दिशा सुचवतील. त्यांना चहा द्यावा आणि खांब आधी ठरलेल्या जागीच रोवावेत.

आता साहित्य. काटकसरीची खरी परीक्षा इथे आहे. खुराड्याची बातमी फुटताच नातेवाईक आपापल्या माळ्यावरच्या वस्तू ‘तुम्हाला उपयोगी पडेल’ म्हणून आणून टाकू लागतात. टीव्हीचं जुनं शोकेस घेऊ नये. भुशाचा बोर्ड पहिल्या पावसात फुगतो आणि दुसऱ्या पावसात त्याची लापशी होते. बंद पडलेला फ्रीज तर मुळीच नको, त्यात हवा खेळत नाही. दिवाणाच्या सागवानी फळ्या मात्र नाकारू नयेत, देणाऱ्याचं मन बदलण्याआधी खिळे ठोकून मोकळं व्हावं. भंगारवाल्याकडे एमआयडीसीतून आलेली लाकडी पॅलेटं मिळतात, तीही चालतात. फक्त त्यांना रसायनाचा किंवा तेलाचा वास येत नाही ना, हे हुंगून पाहावं. हुंगताना चेहरा जाणकाराचा ठेवावा, भाव कमी होतो.

छताला पत्रा. उन्हाळ्यात तो तापून आत भट्टी होते, म्हणून वर पेंढा किंवा उसाचं पाचट पसरावं. पावसाची झड येते त्या बाजूला पडदा लागतो, आणि त्यासाठी महाराष्ट्राइतकी मुबलक सोय कुठेही नसेल. कुठल्याही निवडणुकीनंतर किंवा वाढदिवसानंतर उतरवलेला फ्लेक्स मागून आणावा. छापील बाजू आत करावी की बाहेर, हा ज्याच्या त्याच्या राजकीय मताचा प्रश्न. मात्र भावी नगरसेवकांना छतापर्यंत ताणून बांधू नये; वर वीतभर फट मोकळी सोडावी. विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. आत डोकं घातल्यावर तुमचे डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांचेही चुरचुरत आहेत असं समजावं.

इथवर फुकटेपणा चालतो. जाळीपाशी तो संपतो. दुकानदार स्वस्तातली षटकोनी जाळी दाखवून ‘सगळे हीच नेतात’ म्हणेल. खरं आहे, आणि मुंगूसही त्या सगळ्यांकडे जातं. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिच्यानं होत नाही. अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश घ्यावी. मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडावी किंवा जमिनीलगत बाहेरच्या बाजूला वळवून तिच्यावर दगड रचावेत. आत शिरलेलं मुंगूस एका कोंबडीवर थांबेलच असं नाही. दाराला सुतळीचा फास लावून ‘सध्या चालेल’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. कडी-कोयंडाच लावावा. सगळ्या खुराड्यात नवी विकत घ्यायची वस्तू दोनच: जाळी आणि कडी.

आतली सजावट पटकन उरकते. बसायला गोल कडांची आडवी दांडी, दर कोंबडीला 8 ते 10 इंच. अंड्यांसाठी 15 किलो तेलाचा रिकामा डबा आडवा ठेवून आत पेंढा घालावा. कापलेल्या कडा आधी ठोकून मोडाव्यात. डबा दांडीपेक्षा खाली हवा, नाहीतर बाया त्यातच झोपतात आणि घाण करतात. डबे दोन ठेवले तरी सगळ्या एकाच डब्यासाठी रांग लावतील. तळाला भाताचा तूस दोन-तीन इंच घालून तो कोरडा ठेवावा. ओल्या तुसातून रक्ती हगवण पसरते. कोपऱ्यात चुलीची राख टाकावी, कोंबड्या तिच्यात लोळून अंगावरच्या उवा झाडतात. रंग देऊ नये. रंग कोंबडीसाठी नसतो, फोटोसाठी असतो.

कोंबडा घ्यावा का? अंड्यांसाठी त्याची गरज नाही, पिल्लांसाठी आहे. हे प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावं लागेल आणि कुणालाही पटणार नाही. शेजारी भिंतीला भिंत लागून असतील, तर कोंबडा न घेणं हीच सर्वांत मोठी बचत.

पिल्लं आणलीत तर पहिल्या आठवड्यात लासोटा लस पशुवैद्यकाला विचारून द्यावी. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आली तर सगळं खुराडं रिकामं होतं, मग सागवानी फळ्यांचं काय करणार?

हिशेब मांडायचाच असेल तर एकांतात मांडावा. गावरान तलंग अंड्यावर यायला सहा-सात महिने घेते आणि पुढे वर्षाला साधारण 60 अंडी देते. चौघींची झाली 240. पंधराशेचं खुराडं तोवर 9600 पर्यंत पोचलेलं असतं. म्हणजे पहिल्या वर्षीचं अंडं 40 रुपयांना पडलं, दाणा-पाणी वेगळं.

शेवटची सूचना खर्चाचीच. मुलांनी कोंबड्यांना नावं ठेवायच्या आत त्यांना रोखा. नाव ठेवलेली कोंबडी अंडी द्यायची थांबली तरी घरात कुणी कापू देत नाही. ती वर्षानुवर्षं दाणे खात दांडीवर बसते आणि रविवारचं चिकन बाजारातून आणावं लागतं. तेही खर्चात धरा.